मुकादमाने निवडलेले टायर

नवघरचा पुंडलिक भाईंदरच्या खाडीकाठी आत्मारामशेठच्या मिठागरावर एकोणीस वर्षं मुकादम होता. त्या एकोणीस वर्षांत त्याने मिठाचा एक खडाही घरी नेला नाही. घरात लागणारं मीठ त्याची बायको रखमाबाई बाजारातून विकत आणायची आणि लोक तिला हसायचे. असल्या माणसाला १९४२ सालच्या मे महिन्यात साठ माणसांसमोर चोर म्हटलं गेलं, तेही जुन्या, झिजून गेलेल्या टायरांसाठी.

मी नवघरच्या शाळेत शिक्षक होतो आणि ही दोघं माझे शेजारी. हकिगत मला रखमाबाईंनी सांगितली. पुंडलिकनेही सांगितली, पण सांगताना तो इतका चिडायचा की मधेच उठून अंगणात जायचा. म्हणून दोघांचं जुळवून लिहितो आहे. मलाही या गोष्टीचा राग येतो. तो लपवायची माझी इच्छा नाही.

आधी मिठागराचं काम सांगायला हवं, नाहीतर पुंडलिक का चिडला ते कळणार नाही. दिवाळीनंतर वाफ्यांतलं पाणी काढून टाकतात आणि खालची ओली चिकणमाती पायांनी तुडवतात. बाया-पुरुष ओळीने उभे राहतात. आधी टाच, मग चवडा, पुन्हा टाच. महिनाभर हेच. वाफ्याचा तळ पाट्यासारखा घट्ट आणि गुळगुळीत झाला तरच मीठ पांढरं निघतं, नाहीतर मिठात माती येते. तळ तयार झाला की पुंडलिक अनवाणी त्यावरून एकदा चालायचा आणि कुठे बोट रुतेल एवढीही मऊ जागा राहिली असेल तर ती पायालाच कळायची. डोळे मिटूनही तो सांगायचा, "हितं कच्चं हाय."

आत्मारामशेठ मुंबईला गिरगावात राहायचे. त्यांचा मुलगा विनायक, सगळे त्याला विनूशेठ म्हणत, चोवीस-पंचवीसचा होता. त्याने १९४० साली एक गाडी घेतली. दोनच माणसांची, डोक्यावर छप्पर नाही, हिरवा रंग, सायकलसारखी तारांची चाकं आणि आवाज असा की घोडबंदर रस्त्यावरून वळली की नवघरला कुत्री भुंकायला लागायची. शर्यतीची गाडी. पण मुंबईत शर्यत लावायला मोकळी जागा कुठली? आमच्या मिठागराच्या शेवटाला एक मोठा पडीक आगर होता, मीठ पिकवणं सोडून दिलेला. हिवाळ्यात तो वाळून टणक व्हायचा, वर मिठाचा पापुद्रा धरायचा आणि लांबून काचेसारखा दिसायचा. विनूशेठ तिथे गाडी पळवू लागला. कधी एकटा यायचा, कधी मित्रांना घेऊन.

पडीक जागा होती, कुणाची हरकत नव्हती. पण १९४१च्या जानेवारीत एके सकाळी त्याने एका मित्राला जवळची वाट दाखवायची म्हणून गाडी बांधावरून थेट तयार वाफ्यांत घातली. पुंडलिक हातवारे करत धावला. "थांबा! पुढं जाऊ नका, त्या कोपऱ्याला खाली पानी हाय!"

गाडी थांबली नाही. चार वाफे फाडत गेली आणि पुंडलिकने दाखवलेल्या त्याच कोपऱ्यात चाकांच्या दांड्यापर्यंत रुतली. माणसांनी दोर लावून ती बाहेर ओढली. महिनाभर तुडवलेल्या तळावर हातभर खोल चर पडले होते. बाया तोंडाला पदर लावून बघत उभ्या होत्या.

"धाकटे शेठ, ह्ये काय केलंत?" पुंडलिक म्हणाला.

"अरे, पुन्हा तुडवा. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! वीस माणसांचे आठ दिवस गेले पुन्हा तुडवण्यात. पुंडलिकने मोठ्या शेठकडे गाऱ्हाणं नेलं, तर ते म्हणाले, "आगर उद्या त्याचाच आहे, पुंडलिक. तू तुझं काम बघ."

विनूशेठच्या मात्र एक गोष्ट लक्षात राहिली. गाडी कुठे रुतेल हे मुकादमाने आधी सांगितलं होतं. होळीच्या सुमाराला मुंबईचे तीन मित्र आपापल्या गाड्या घेऊन पडीक आगरात शर्यतीला येणार होते. आणि याच्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झालेले, कालवांच्या शिंपांनी जागोजागी चिरलेले. नवे कुठले घ्यावेत यावर मित्र एकमेकांच्या उलट सल्ले देत होते. शेवटी तो पुंडलिककडे आला.

"मुंबईला चल माझ्याबरोबर. जमीन तुला कळते. या जमिनीवर कुठला टायर धरेल ते तूच सांग."

रखमाबाई म्हणाल्या, "जाऊ नका. त्याची गाडी, त्यो बघंल."

पुंडलिक म्हणाला, "भलते टायर आनले तर परत माजेच वाफे फाडंल त्यो. जातो मी."

धुतलेलं धोतर नेसून, गुडघे पोटाशी घेऊन तो त्या गाडीत बसला आणि गाडी काशी-मीऱ्यावरून मुंबईला निघाली. वाऱ्याने त्याच्या डोक्याचा रुमाल बोरिवलीच्या अलीकडेच उडून गेला. विनूशेठ थांबला नाही.

दुकान मोठं होतं. टायर भिंतीला ओळीने टांगलेले. तिथे एडविन नावाचा भाईंदरजवळच्या उत्तनचा एक विक्रेता होता, चाळिशीचा, कोळी घरातला, टायरांच्याच धंद्यात पंधरा वर्षं काढलेला. पुंडलिकचे अनवाणी पाय आणि बोलणं यावरून त्याने लगेच ओळखलं. "भाईंदरकडचे काय हो?" त्याने खुर्ची पुढे केली. पुंडलिक बसला नाही.

एडविनने तीन टायर जमिनीवर मांडले. पहिल्यावर रबराचे खोल, चौकोनी ठोकळे होते, चिखलासाठी. दुसऱ्यावर चाकाच्या फिरण्याच्या दिशेने नुसत्या सरळ रेघा, वेगासाठी. तिसरा या दोहोंच्या मधला. विनूशेठची नजर पहिल्यावरच होती. "हा घट्ट धरेल. दिसतोही झकास."

पुंडलिक उकिडवा बसला. त्याने ठोकळ्यांच्या फटींत अंगठा घालून पाहिला, मग टायर उभा करून दोन हात पुढे ढकलला.

"ह्यो नको," तो म्हणाला. "आपल्या जमिनीला वर पापुद्रा हाय, भाकरीवानी. ह्ये दात त्यात घुसतील. पापुद्रा मोडला की खाली सगला लगदा. मंग गाडी आपलाच खड्डा खनत बसंल."

"आणि या रेघांच्या टायरने घसरणार नाही?"

"पापुद्र्यावरनं जायचं हाय, पापुद्र्यात न्हाय. हा सरळ रेघांचा घ्या. आन् हवा जरा कमी ठेवा. पाय पसरून टाकला की मानूस रुतत न्हाय, तसंच ह्ये."

एडविन हसला. "शेठ, मुकादम बरोबर बोलतात. फक्त हवा किती कमी करायची ते माझ्याकडून लिहून घ्या. फार कमी ठेवली तर वेगात टायर तापतो आणि कडेला फाटतो. आणि घ्याल ते सगळे एकाच जातीचे घ्या. पुढे एक आणि मागे दुसरा, असं पळणाऱ्या गाडीला करायचं नाही. वळणावर फिरेल ती."

विनूशेठने पाचही टायर रेघांचे घेतले, चार चाकांचे आणि एक जादा. माणसं जुने काढून नवे चढवत होती तेव्हा एडविनने आणखी एक गोष्ट सांगितली. "मिठावर गाडी घालता, तर रोज संध्याकाळी चाकं गोड्या पाण्याने धुवा. मीठ तारा खातं. मग गंज आत ट्यूबला टोचतो."

"मुकादम, ऐकलंस ना?" विनूशेठ म्हणाला. "रोज चार घागरी गोडं पाणी ठेवत जा गाडीसाठी."

इथे पुंडलिकचा तोल गेला. रखमाबाई म्हणायच्या, नवरा आयुष्यात रागाने दोनदा ओरडला, त्यातली ही पहिली वेळ.

"चार घागरी? साठ मानसांना प्यायला नवघरच्या विहिरीवरनं दिवसाला सहा घागरी येतात, शेठ! बाया डोक्यावर आनतात! लोखंडाला मीठ खातं ह्ये तुमाला कलतं. बायांच्या पायांना काय करतं ते कलत न्हाय? पाटी घेऊन मिठाच्या राशीवर चढतात, खडे सुरीवानी कापतात. जखम झाली की खारं पानी ती भरू देत न्हाय. माजी बायको दोन म्हयने टाच टेकत न्हाय. तीन वर्सं मोठ्या शेठना मागतोय, राशीवर चढनाऱ्या बायांना वहाना द्या. म्हनतात, मिठागरात वहाना कुनी घालतं का? आन् गाडीला पाच-पाच!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. विनूशेठचा चेहरा लाल झाला. तो वाईट माणूस नव्हता, असं रखमाबाईही म्हणायच्या. त्याला फक्त चारचौघांत लाज वाटू नये एवढंच हवं असायचं. घाईघाईने तो म्हणाला, "बरं, बरं. हे जुने पाच टायर आहेत ना, ते तू घे. वहाणा कर, काय हवं ते कर. मी दिले तुला."

एडविनने ते दोरीने बांधून बाजूला ठेवले. उत्तनहून मासळी घेऊन येणाऱ्या त्याच्या काकाच्या होडीतून चार दिवसांनी ते उत्तनला पोचले आणि तिथून बैलगाडीने नवघरला.

शर्यत झाली. एका मित्राने ठोकळ्यांचे टायर घातले होते, त्याची गाडी अर्ध्यावर रुतली. विनूशेठ पहिला आला. गाडीसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढला आणि टायर कुणी निवडले असं मित्रांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अंदाज असतो एकेकाचा." पुंडलिक दहा हातांवर गोडं पाणी घेऊन उभा होता. दोन घागरी. चार त्याने दिल्या नव्हत्या.

जुन्या टायरांचं काम स्टेशनबाहेर जोडे शिवणाऱ्या गेनूने केलं. सुरी ओली करून तो रबर कापायचा. एका टायरातून चार जोड निघाले, म्हणजे पाचांतून वीस. पट्टे टायरांच्याच कडांचे. राशीवर चढणाऱ्या बाया बरोबर वीस होत्या. वाफ्यात उतरताना त्या वहाणा बांधावर काढून ठेवत आणि पाटी भरून राशीकडे निघताना घालत. वहाणा जड होत्या, पहिले दोन दिवस सगळ्यांच्या अंगठ्याला फोड आले. पण त्या हंगामात एकीचीही टाच फाटली नाही. रखमाबाई सांगायच्या, "पयल्यांदा मी राशीवर खाली न बघता चढले."

वर्ष असंच गेलं. मग युद्ध पूर्वेकडे पेटलं, मलाया पडला आणि रबर येणं बंद झालं. बाजारातून टायर नाहीसे झाले, ते फक्त सरकारी परवान्यावर मिळू लागले. शेठच्या मोठ्या गाडीचे टायर गेले तेव्हा पेट्रोलच्या कुपनांवर बापलेक दोघंही या हिरव्या गाडीतूनच फिरू लागले आणि तिचेही संपत आले. तेवढ्यात कुणीतरी शेठना सांगितलं की जुन्या टायरावर नवं रबर चढवून मिळतं, फक्त वेगळा जुना टायर हाताशी हवा, चालू टायर काढून दिले तर गाडी उभी राहते.

"आपले आधीचे पाच कुठे गेले?" शेठनी मुलाला विचारलं.

"मुकादमाने नेले," विनूशेठ म्हणाला.

नेले! दिले नव्हे, नेले. एका शब्दाचा फरक. एवढा शिकलेला माणूस, त्याला तो कळत नव्हता असं मी मानायला तयार नाही.

मे संपत आला होता. अर्धं मीठ अजून वाफ्यांच्या कडेला होतं, ते वाहून राशीवर चढवायचं होतं आणि पावसाआधी रास पेंढ्याने शाकारायची होती. भर दुपारी बापलेक कचेरीच्या ओट्यावर येऊन बसले. जेवायची सुट्टी होती, सगळी माणसं समोरच होती. शेठनी पुंडलिकला हाक मारली.

"माझे पाच टायर आणून दे."

"टायर आता कुठले, शेठ? त्येंच्या वहाना झाल्या. बायांच्या पायांत हायत."

"कुणाला विचारून?"

"धाकट्या शेठनी दिले. दुकानात, सगल्यांसमोर." पुंडलिक विनूशेठकडे वळला. "सांगा की धाकटे शेठ. तुमीच म्हनलात ना, मी दिले तुला?"

विनूशेठ खिशातून रुमाल काढून चष्मा पुसू लागला. म्हणाला, "मला नक्की आठवत नाही, बाबा. तेव्हा गडबड होती."

"म्हणजे चोरी," शेठ म्हणाले. "चोर तो चोर आणि वर शिरजोर! रबर आज सोन्यासारखं झालंय. काढायला लाव त्या वहाणा. पोत्यात भर. नाहीतर पोलिसांत देतो."

पुंडलिक ओरडला ती दुसरी वेळ. पण त्याच्या तोंडून धड वाक्यच निघेना. "एकोनीस वर्सं... खडा न्हाय नेला मी... खडा..." एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. कारकून दामोदरपंत मान खाली घालून उभे होते. विनूशेठचा चष्मा पुसून होत नव्हता.

मग रखमाबाई उठल्या. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि ओट्याच्या पायरीवर, शेठच्या बुटांसमोर नीट जोडून ठेवल्या.

"घ्या तुमचं रबर," त्या म्हणाल्या. "मीठ आता तुमी चढवा राशीवर."

त्यांच्यामागून दुसरी बाई आली, मग तिसरी. वीस जोड पायरीवर रचले गेले. वीसही जणी बांधावरून घरी निघाल्या, आणि बाया नाहीत म्हटल्यावर सुट्टी संपली तरी पुरुषांनी फावडी उचलली नाहीत.

शेठ हट्टी होते. वहाणा खरंच पोत्यात भरल्या गेल्या आणि दामोदरपंत ते पोतं घेऊन मुंबईला गेले. रबर निदान वितळवून तरी वापरता येईल असं शेठना वाटलं होतं. कुणाला विचारावं ते न कळून पंत त्याच टायरांच्या दुकानात गेले. त्यांनी झाला प्रकार सांगितला. एडविनने पोतं उघडलं, एक वहाण हातात घेऊन उलटसुलट पाहिली, तिच्यावर उमटलेला तळव्याचा ठसा बघितला.

"हे काय आणलंत पंत? यातून टायर होत नाही. आणि झाला असता तरी मी करू दिला नसता." त्याने कागद घेतला आणि तिथेच चार ओळी लिहिल्या: हे पाच जुने टायर विनायकरावांनी माझ्यासमोर, या दुकानात, मुकादम पुंडलिक यांना वहाणांसाठी म्हणून दिले. मी स्वतः ते बांधून पाठवले. खाली सही, तारीख.

एडविनला हे करायची काय गरज होती? शेठ त्याचं गिऱ्हाईक होते, पुंडलिक काही नव्हता. पण त्याने केलं.

तिसऱ्या दिवशी पंत पोतं घेऊन परत आले. ते मुळात भित्रे गृहस्थ होते. पण त्या दिवशी ते कचेरीत न जाता सरळ नवघरला आले, देवळाच्या पारावर उभे राहिले आणि तो कागद त्यांनी मोठ्याने वाचला. मगच तो शेठना नेऊन दिला. आकाशात ढग जमू लागले होते आणि मीठ तसंच उघड्यावर होतं. शेठनी कागद वाचून घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले, "वाटून टाका त्या वहाणा. कामाला लागा म्हणावं." क्षमा मागितली नाही. चोर हा शब्द मागे घेतला नाही.

वहाणा पोत्यात एकमेकींत मिसळल्या होत्या. बायांनी आपापल्या ओळखून काढायला अर्धी सकाळ गेली. मग चार दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम झालं आणि मीठ वाचलं. पुंडलिकनेही ते काम केलं, सगळ्यांत पुढे राहून. मला हे कधी समजलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मिठानं काय केलं व्हतं?"

दिवाळीनंतर आगर सुरू झाला तेव्हा त्याला बोलावणं आलं नाही. मुकादमीवर दुसरा माणूस होता. एकोणीस वर्षं, आणि निरोप द्यायलाही कुणी आलं नाही. सकाळी बांधावर गेला तेव्हा कळलं. काही माणसं त्याच्याबरोबर काम सोडायला निघाली, त्याने त्यांना परत पाठवलं. "तुमच्या घरी चूल हाय," म्हणाला. स्वतः भाईंदर स्टेशनच्या मालधक्क्यावर मिठाच्या गोण्या चढवायला लागला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

तिथे पुढच्या उन्हाळ्यात विनूशेठ त्याला भेटायला आला, पायी. पुंडलिकच्या पाठीवर गोणी असतानाच तो म्हणाला, "पुंडलिक, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी दिले होते टायर, मला आठवत होतं."

पुंडलिकने गोणी मालगाडीच्या वाघिणीत टाकली, कंबर सरळ केली. "ह्ये तितं बोलायचं व्हतं, साठ मानसांसमोर. हितं कोन हाय ऐकायला?" आणि पुढची गोणी उचलायला गेला. विनूशेठ निघून गेला. पुढेही त्याने ते कुणासमोर म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

१९४६ साली मीरा गावाकडच्या एका आगराच्या मालकाने पुंडलिकला मुकादमीसाठी विचारलं. पुंडलिकने आधीच अट घातली की राशीवर चढणाऱ्या प्रत्येक बाईला वहाणा मालकाने द्यायच्या, आणि हे कागदावर लिहून द्यायचं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून कागद वाचायला मला बरोबर नेलं. मालकाने पुष्कळ घोळ घातला. शेवटी अठरा जोडांचं कबूल करून सही केली.

त्या हंगामात दहा जोड आले. बाकीच्या आठांसाठी पुंडलिक दर सोमवारी कचेरीत जाऊन उभा राहायचा. मालक म्हणायचा, पुढच्या महिन्यात. पुंडलिक म्हणायचा, "मागच्या म्हयन्यात पन ह्येच म्हनलात." मी एक-दोनदा त्याच्याबरोबर गेलो. शेवटी मीच कंटाळून म्हणालो, अहो, दहा तर मिळाले ना, सोडून द्या आता. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा तो विषय मी काढला नाही. आठांपैकी पाच पुढच्या वर्षी आले. उरलेल्या तिघींच्या जोडांसाठी त्याचं भांडण मी नवघर सोडलं तेव्हाही चालूच होतं.